घैसास सरांचं व्याख्यान आणि कॉलनीचा खंदक

शरच्चंद्र घैसास यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती पैसा नव्हे, बढती नव्हे, की मोठं घरही नव्हे. पगार पुरत होता. बढती मिळाली तर मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसून फीमाफीचे अर्ज वाचावे लागतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांना हवं होतं ते इतकंच, की आपण आपल्या विषयावर बोलायला लागावं आणि समोरच्यानं ते शेवटपर्यंत ऐकावं. एकदाच. एकाच माणसानं ऐकलं तरी चाललं असतं.

आता यात अवघड काय, असं तुम्हाला वाटेल. तर विषय सांगतो. 'ब्रिटिश साम्राज्यातील वसाहतींच्या लष्करी संरक्षणाच्या खर्चाची वाटणी, सन १८६१ ते १९११'. दमलात ना? सरांचे मेहुणेही इथंच दमत.

या विषयावर सर चौदा वर्षं पीएच.डी.चा प्रबंध लिहीत होते. पहिले मार्गदर्शक दुसऱ्या प्रकरणातच वारले. दुसरे निवृत्त होऊन नागपूरला लेकीकडे गेले आणि तिथून वर्षातून दोनदा पोस्टकार्ड पाठवत, 'छान चाललं आहे, चालू ठेवा'. सरांनी चालू ठेवलं होतं. लोखंडी ट्रंकेत आठशे पानं साठली होती आणि शेवटचं प्रकरण मात्र काही केल्या लिहून होत नव्हतं. का होत नव्हतं ते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

सर मूळचे गुहागरकडचे. बासष्ट साली चिंचवडच्या एका पंपांच्या कंपनीनं आपल्या कॉलनीत शाळा काढली, चार खोल्या आणि वर पत्रा, तेव्हा ते इतिहास शिकवायला आले आणि इथलेच झाले. कॉलनीची रचना सोपी होती. पुढं साहेबलोकांचे सहा बंगले, मध्ये कारकून-मास्तर मंडळींचे बत्तीस ब्लॉक आणि मागं कामगारांच्या दोन चाळी. पाण्याचा नळ मागं जाता जाता बारीक होत जायचा, तेवढ्यावरून कोण कुठं राहतं ते अंधारातही सांगता आलं असतं.

सरांच्या विषयाला कॉलनीतले सगळे घाबरून असत. वर्गातली पोरं मात्र हुशार. गृहपाठ केलेला नसला की एखादा उभा राहून विचारायचा, "सर, न्यूझीलंडचं काय झालं होतं?" सरांचे डोळे चमकायचे. खडू खाली ठेवून ते अठराशे एकसष्टपासून सुरुवात करायचे आणि न्यूझीलंडातून गोऱ्यांची शेवटची पलटण बोटीवर चढायच्या बेतात असायची तोच तास संपायचा. नऊ वर्षं ती पलटण धक्क्यावर उभी होती. एकदा सरांनी हिशेब केला, की न्हावी काही हजामत अर्धी टाकून पळून जाणार नाही. स्टेशनजवळच्या दुकानात खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी सुरुवात केली. न्हाव्यानं हात असा काही चालवला की पाच मिनिटांत सर रस्त्यावर होते, डावा कल्ला कानाच्या पाळीपर्यंत आणि उजवा जबड्यापर्यंत.

राहिल्या पद्माबाई, त्यांच्या पत्नी. त्या मनानं चांगल्या, पण पहाटे पाचला नळाला उभ्या राहणाऱ्या. सर उशीला टेकून बोलायला लागले की अठराशे बासष्टच्या पार्लमेंटच्या ठरावापाशी त्यांचा डोळा लागायचा. बासष्टच्या पुढं त्या कधी गेल्या नाहीत. शेजारच्या बायका झोप येत नाही म्हणून जायफळ उगाळत. पद्माबाईंना कधी गरज पडली नाही.

आणि मग एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली.

खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटले. मोटारींच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग लागला. कॉलनीतल्या निम्म्या लोकांना अचानक विमानांचे आवाज ओळखता यायला लागले आणि उरलेल्या निम्म्यांना ते चुकीचे वाटायला लागले. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या फळ्यावर सूचना लागली. कारखान्याच्या संरक्षणाची व्यवस्था कंपनी करील. कॉलनीच्या संरक्षणाची व्यवस्था रहिवाशांनी आपसांत खर्च वाटून करावी. खंदकासाठी जागा कंपनी देईल.

लोक वाचून शिव्या देत पुढं जात होते. घैसास सर मात्र फळ्यापुढं खिळून उभे राहिले. त्यांच्या अंगावर काटा आला होता. अहो, हा तर पार्लमेंटचा ठराव! स्वतःचा कारभार पाहणाऱ्या वसाहतींनी आपल्या अंतर्गत संरक्षणाचा मुख्य भार आपणच उचलावा. तारखेचाच काय तो फरक. चौदा वर्षं ज्याला कुणी विचारलं नाही, ते ज्ञान आज भर चौकात फळ्यावर लागलं होतं, आणि ते पूर्ण येत असलेला माणूस पुणे जिल्ह्यात एकच होता.

रविवारी शाळेत सभा भरली. बंगल्यांच्या वतीनं खरेदी विभागाचे राजवाडे साहेब, ब्लॉकच्या वतीनं हेडक्लार्क हरिहर टेंबे आणि चाळीच्या वतीनं ज्योतीराम ढमढेरे, लेथवर काम करणारा आणि युनियनमध्ये मोठा आवाज असणारा.

राजवाडे म्हणाले, "सरळ घरटी सारखा खर्च. बॉम्ब काही पगार बघून पडत नाही."

"कसा न्हाई बघत?" ज्योतीराम उठला. "साहेब, वरनं विमानातनं आमच्या खोल्या दिसणार बी न्हाईत. धा बाय धाच्या खोलीवर बॉम्ब टाकायला त्यो काय येडा हाय? तुमचा बंगला मोठा, बागेसकट. ज्याला धोका जास्त, त्यानं खर्च जास्त करावा."

"आणि आम्ही मध्ये आहोत," टेंबे म्हणाले. "बंगल्यावर टाकलेला नेम चुकून आमच्यावर आला, तर तो खर्च कुणाचा?"

दीड तास हे चाललं. मग घैसास सर उभे राहिले. नेहमी ते उभे राहिले की लोकांना अचानक कामं आठवत, पण आज भांडून सगळ्यांच्या घशाला कोरड पडली होती आणि चहा अजून आलेला नव्हता, म्हणून लोक बसून राहिले. सरांनी संधी साधली. एकसष्ट, बासष्ट, न्यूझीलंड, आणि काय सांगावं, ती पलटण नऊ वर्षांनी बोटीवर चढली! सर आनंदानं पुढं सुटले आणि अठराशे सत्त्याऐंशीला पोचले. ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींनी इंग्रजांच्या आरमाराला दर वर्षी पैसे द्यायचे कबूल केलं, त्या पैशांतून त्यांच्या किनाऱ्यासाठी वेगळी जहाजं ठेवली आणि अट घातली, की आमच्या परवानगीवाचून ही जहाजं आमच्या समुद्राबाहेर न्यायची नाहीत.

"झकास!" टेंब्यांनी टेबलावर थाप मारली. "ज्यानं त्यानं आपला वाटा द्यायचा आणि आपल्या वाट्यावर आपली अट घालायची. सर, चौदा वर्षं हे पोटात ठेवून होतात होय?"

"व्हय, हे बराबर हाय," ज्योतीराम म्हणाला.

"मान्य," राजवाडे म्हणाले.

"अहो, थांबा," सर घाबरून म्हणाले, "हे अर्धंच झालं. पुढं हीच अट त्यांच्या अंगाशी आली. ते ऐका..."

तेवढ्यात चहा आला. कॉलनीतल्या सभेत चहा आला की सभा संपते, हा नियम लढाईपेक्षा जुना होता. लोक उठले. सर हातात बशी घेऊन उभे राहिले आणि पुढचं कुणीच ऐकलं नाही.

तर अर्ध्या व्याख्यानावर कॉलनीचं संरक्षण उभं राहिलं, ते असं. चाळीनं खणायचं, ब्लॉकनं लाकूड आणि वाळूची पोती आणायची, बंगल्यांनी सायरन द्यायचा. राजवाड्यांनी कुठून तरी भंगारातून हातानं फिरवायचा सायरन आणला. तो शाळेच्या गच्चीवर बसवला, तेव्हा राजवाड्यांनी अट घातली, की सायरन बंगल्यांचा असल्यामुळं त्यांच्या माणसासमोरच वाजवायचा. मग टेंब्यांनी ब्लॉकतर्फे त्याच्यावर लाकडी पेटी बसवली, कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली. आणि सायरनला हँडल नव्हतं, ते ज्योतीरामनं लेथवर करून आणलं, फिरवून दाखवलं आणि काढून पुन्हा खिशात घातलं. "हँडल चाळीचं," तो म्हणाला. थोडक्यात, शत्रूचं विमान आलंच, तर त्यानं तिघंही घरी असतील अशी वेळ पाहून यायचं होतं.

खंदक नागमोडी होता, छातीइतका खोल. पहिला बाक बंगल्यांचा, मधला ब्लॉकचा, शेवटचा चाळीचा. टेंब्यांनी नियमांचा कागद टाइप करून तिघांच्या सह्या घेतल्या. सातवा नियम असा, की धोका टळल्याचा 'ऑल क्लिअर' वाजल्याशिवाय कुणीही खंदकाबाहेर येणार नाही, अपवाद नाही. आठवा असा, की तिन्ही प्रतिनिधींनाही खंदकात जागेचा पूर्ण हक्क आहे, कारण दुसऱ्यांसाठी आपला माणूस उघड्यावर का ठेवायचा. सातवा आणि आठवा एकाखाली एक लिहिलेले होते. एकशे चौसष्ट माणसांपैकी एकालाही त्यात काही खटकलं नाही. सरांनी वाचून टेंब्यांना गाठलं आणि म्हणाले, "अहो, नेमकं हेच मी सांगणार होतो त्या दिवशी..." टेंबे म्हणाले, "सर, लढाई झाली की निवांत ऐकू."

बारा तारखेच्या रविवारी सकाळी दहाला सराव ठरला. तिघं गच्चीवर गेले, राजवाड्यांनी मान हलवली, टेंब्यांनी कुलूप काढलं, ज्योतीरामनं हँडल फिरवलं. धोक्याचा आवाज म्हणजे वरखाली होणारा, आणि 'ऑल क्लिअर' म्हणजे एकसारखा लांब. वरखाली आवाज घुमला तशी कॉलनी खंदकाकडं धावली. टेंब्यांनी पेटीला कुलूप लावलं, ज्योतीरामनं हँडल खिशात घातलं आणि तिघंही धापा टाकत आठव्या नियमाप्रमाणं खंदकात उतरले.

बंगल्यांच्या बायकांनी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या. त्यांवर बसल्यावर त्यांची डोकी खंदकाबाहेर आली. "डोकी आत घ्या!" टेंबे ओरडले. मग खुर्च्या वर राहिल्या आणि बायका खाली बसल्या.

दहा मिनिटं झाली. लोक चुळबुळायला लागले.

"टेंबे, वाजवा आता ऑल क्लिअर," राजवाडे म्हणाले.

"मी कसा बाहेर जाणार? सातवा नियम."

"मग ढमढेऱ्यांनी जावं."

"मी? अन् तितं नेमकं विमान आलं तर चाळीचा मानूस मरनार, सायरन तुमचा वाचनार. तुमी जा की साहेब. वस्तू तुमची हाय."

राजवाडे जायला तयार झाले, पण एकटे गेले तर किल्ली त्यांच्या हातात द्यावी लागली असती, आणि टेंबे जानव्याची गाठ सोडायला तयार होईनात. तिघांनी मिळून जावं म्हटलं, तर तिघंही सातवा नियम मोडणार, आणि त्यावर तिघांच्याच सह्या होत्या. अर्धा तास गेला. चाळीच्या बाकावर कुणी शेंगा काढल्या.

घैसास सर मधल्या आणि शेवटच्या बाकाच्या वळणावर बसले होते. इथून तिथवर त्यांनी नजर फिरवली. एकशे चौसष्ट माणसं होती. तास संपायचा नव्हता. चहा येणं शक्य नव्हतं. न्हाव्यासारखं कुणाला सुटता येत नव्हतं. सरांच्या छातीत इतकं धडधडायला लागलं, की पद्माबाईंनी विचारलं, "अहो, बरं वाटत नाही का?"

"पद्मा," सर म्हणाले, "मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं."

आणि ते उठून उभे राहिले. "डोकं आत!" टेंबे म्हणाले. सर गुडघे वाकवून उभे राहिले आणि बोलायला लागले.

"आला का देवा," कुणीतरी कण्हलं. पण करता काय? सर सावकाश बोलले. आज घाई नव्हती. इंग्लंडनं वसाहतींना काय सांगितलं, वसाहती काय म्हणाल्या, पलटणी कुणाच्या, भाकरी कुणाची. लोक पहिल्यांदा जांभया देत होते. मग चाळीच्या बाकावरून ज्योतीरामच्या आईनं, सरूबाईनं तोंड उघडलं. बाई साताऱ्याकडची, अक्षरओळख नाही, पण चार सुना सांभाळलेली.

"मास्तर, थांबा जरा," ती म्हणाली. "म्हंजी सासूनं लेकास्नी वेगळं काढलं, अन् म्हनली, तुमी वेगळं ऱ्हाताय न्हवं, मग तुमचा राखणदार तुमी ठेवा. पर त्या राखणदाराला हुकूम मातुर सासूच करनार. आसंच की?"

सर थक्क झाले. तिसऱ्या प्रकरणाची दोनशे दहा पानं म्हातारीनं शेंगा सोलता सोलता एका दमात सांगून टाकली होती.

"असंच, सरूबाई," ते म्हणाले. "अगदी असंच."

"मग सुना गप बसल्या?"

"नाही! तेच तर सांगतोय!"

आणि मग गंमत झाली. सासू-सुना म्हटल्यावर बायका सरकून जवळ आल्या. बंगल्यांच्या बाकावर ऐकू जात नव्हतं, म्हणून प्रत्येक वाक्य वळणावरून पुढं सांगितलं जाऊ लागलं. कॅनडा धाकटी ठरली, ऑस्ट्रेलिया तोंडाळ, न्यूझीलंड दूर दिलेली. राजवाड्यांना आपण यात सासू आहोत असा संशय यायला लागला आणि ते म्हणाले, "सायरन आम्ही दिलाय, विसरू नका." त्यांना त्यांच्याच बायकोनं गप्प केलं.

एवढ्यात खंदकाच्या काठावर चिखलानं भरलेल्या वहाणा दिसल्या. वर मालोजी उभा होता, थेरगावचा माळी. कॉलनीच्या बागा तो सांभाळायचा, पण कॉलनीत राहत नसल्यामुळं त्याचा खर्चात वाटा नव्हता, म्हणून खंदकात जागाही नव्हती, म्हणून सगळा हल्ला होईपर्यंत तो गुलाबांना पाणी देत होता.

"काय चाललंय?" त्यानं विचारलं. "मेलं का काय कुनी?"

त्याला सगळी हकिगत सांगण्यात आली. त्यानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "आत्ता ह्ये, मी हाय की भाहेर. द्या हिकडं, मी वाजवतो."

यावर पुन्हा वीस मिनिटं वाद झाला, कारण ज्यानं काहीच दिलेलं नाही त्याच्या हातात सगळंच द्यायचं म्हणजे काय! पण पोटात कावळे ओरडायला लागले होते. शेवटी राजवाड्यांनी परवानगी दिली, टेंब्यांनी जानव्याची गाठ सोडली आणि ज्योतीरामनं हँडल वर सरकवलं. मालोजी गच्चीवर गेला आणि सरांना माहीत होतं, की आता आपली दोन मिनिटं उरली. ते तेव्हा अठराशे सत्त्याऐंशीला होते. त्यांचा आवाज खाली आला.

पण मालोजीनं सायरन कधी फिरवलेला नव्हता. जोरात फिरवायचा, हात भरून आला की थांबायचा, तळव्याला थुंकी लावून पुन्हा फिरवायचा. आवाज चढला, उतरला, चढला, उतरला.

"हा तर धोक्याचा!" टेंबे किंचाळले. "कुणी हलू नका!"

उठलेले लोक खाली बसले. गच्चीवर मालोजी घाम पुसत अभिमानानं पुन्हा वाजवत होता. खालून ओरडून सांगितलेलं त्याला सायरनमुळं ऐकू येत नव्हतं.

मी सरांच्या जागी असतो तर मालोजीच्या पाया पडलो असतो. सरांना तेवढाही वेळ नव्हता. ते पुढं निघाले होते. "तर वसाहतींनी अट घातली. जहाजं आमच्या परवानगीवाचून हलवायची नाहीत. आणि आरमाराचे सेनापती कपाळाला हात लावून बसले. ते म्हणाले, उद्या शत्रू दुसऱ्याच समुद्रात आला तर? तो काय परवानगी काढून येणार आहे? आणि पाच ठिकाणी पत्रं पाठवून होकार येईपर्यंत आम्ही काय करायचं?"

टेंब्यांचा हात नकळत जानव्याकडं गेला. तिथं किल्ली नव्हती.

"हे सभेतच का न्हाई सांगितलं?" ज्योतीराम म्हणाला.

"सांगत होतो! चहा आला!"

"मग म्होरं?"

सरांनी त्याच्याकडं पाहिलं. हा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला नव्हता. पोरांनी विचारला होता, पण तो वेगळ्या कारणासाठी.

"मग एकोणीसशे दोन साली," सर म्हणाले, "सगळ्या वसाहतींचे पुढारी लंडनला जमले, आणि तिथं..."

आणि गच्चीवरून एकसारखा, लांब, न थांबता आवाज आला. मालोजीला जमलं होतं. ऑल क्लिअर.

लोक उठले. गुडघे कडकड वाजले, कुणी खुर्च्या आवरल्या, कुणी भात करपला असेल म्हणालं. घैसास सर तसेच अर्धवट वाकून उभे होते. आवाजाकडं कान देऊन त्यांनी तोंड मिटलं. त्यांना राग आला नाही. सवय होती. त्यांनी फक्त चष्मा काढून पुसायला घेतला. त्यांना खूप वाईट वाटलं होतं.

"बसा समदी!" सरूबाई कडाडली. "मास्तरांचं व्हायचंय अजून. भात काय पळून चाललाय?"

"अहो आजी, ऑल क्लिअर झालं," राजवाडे म्हणाले.

"त्ये विमानाचं झालं. मास्तरांचं कुटं झालं? तितं काय झालं त्ये कळल्याबिगर मी न्हाई हलायची, अन् माझ्या पल्याडनं कुनाला जाऊ बी द्यायची न्हाई."

खंदकाला वर यायची पायरी एकच होती, आणि सरूबाई तिच्यावर बसली. लोक एकमेकांकडं पाहू लागले. मग राजवाड्यांची बायको खाली बसली. मग टेंबे. मग एकेक करत सगळा खंदक खाली बसला, सायरन वाजत असताना, मोकळं व्हायची मुभा असताना. सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. शेवट त्यांना तोंडपाठ होता, पण तिथपर्यंत ते कधी पोचलेच नव्हते. मोठ्यानं तो त्यांनी कधी उच्चारलाच नव्हता.

"तिथं आरमारवाले म्हणाले," ते हळूच बोलले, "की समुद्र सगळा एकच आहे. त्याला कुंपण घालता येत नाही. खर्च कसाही वाटा, पण राखण करणारा हात वाटून चालणार नाही. वसाहती म्हणाल्या, मग तो हात कुणाचा, हे ठरवताना आम्हालाही विचारा. नुसते पैसे मागू नका. दोघांचंही खरं होतं. ते पटायला आणि पुढची घडी बसायला त्यांना एकोणीसशे अकरा साल उजाडलं. पन्नास वर्षं गेली." सर थांबले. "संपलं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कॉलनीला कळेना, की आता काय करायचं असतं.

"आपले अडीच तास गेले," टेंबे घड्याळ बघून म्हणाले. "तसं स्वस्तात सुटलो."

आणि सगळे हसले. तिथंच, पायरीवर सरूबाई बसलेली असतानाच, सायरन, किल्ली आणि हँडल मालोजीकडं राहतील असं सगळ्यांच्या संमतीनं ठरलं. मालोजीला ते कुणीच सांगितलं नाही. तो वर अजून वाजवत होता. गुरुवारी लढाई संपली. खंदकात पुढच्या पावसाळ्यात त्यानं केळी लावल्या आणि घड आले तेव्हा त्यांच्या वाटणीवरून नवीन समिती नेमावी लागली.

त्या दुपारी घरी करपलेला भात खाताना पद्माबाईंनी सरांना आणखी ताक वाढलं. मग म्हणाल्या, "अहो, हे शेवटचं मला कधी सांगितलं नाहीत."

"तू झोपायचीस."

"मग उठवायचं होतं."

सरांनी घास तसाच हातात धरला. चौदा वर्षांत त्यांना हे सुचलं नव्हतं. ती दमलेली असायची आणि झोपेत चांगली दिसायची, म्हणून ते दिवा मालवून गप्प पडायचे. हे त्यांनी तिला सांगितलं नाही, पण त्यांचे कान लाल झाले.

शेवटचं प्रकरण तीन आठवड्यांत लिहून झालं. पद्माबाईंनी ते पाट मांडून, जागं राहून, दोनदा ऐकलं आणि एका ठिकाणी सासूबद्दलचं वाक्य जरा सौम्य करायला लावलं.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात विद्यापीठात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, गाडीनं रात्रभर प्रवास करून आलेले. त्यांनी प्रबंध वजन करावं तसा हातावर तोलला आणि सुस्कारा टाकला.

"घैसास, स्पष्ट विचारतो. या विषयात कुणाला रस असणार?"

"चिंचवडला एकशे चौसष्ट जणांना आहे," सर म्हणाले. "सुटी झाल्यावरही बसून राहिले होते."

परीक्षकांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. मग प्रबंध मिटून बाजूला ठेवला, खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाले, "असं? मग मलाही सांगा. पहिल्यापासून."